मलम लावण्यापूर्वी एक प्रश्न

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील असंख्य कुटुंबांचा दिवस लोकल गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. कल्याणपासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे. ते रोज दोन वेळा, पुष्कळदा उभ्यानेच, कापावे लागते. गर्दीच्या रेट्यात कोपर दाराच्या दांडीवर आपटते, पोटरीला कोणाच्या तरी पेटीची कड लागते, आणि रात्री घरी परतल्यावर त्या जागी काळानिळा डाग उमटलेला दिसतो. आपल्या भाषेत यासाठी ‘मुका मार’ असा नेमका शब्द आहे. कातडी फुटत नाही, रक्त बाहेर येत नाही. जे काही घडते ते आतल्या आत घडते. एके काळी अशा वेळी घरातील वडीलधारी स्त्री सहाणेवर आंबेहळद व रक्तचंदन उगाळून लेप देत असे. आज कपाटातून मलमाची ट्यूब निघते. ‘रक्त पातळ करणारे मलम’ या नावाने ते घरोघरी ओळखले जाते.

हे मलम उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा उपयोग कोठे संपतो हे माहीत नसले, तर ते गाफील ठेवू शकते. प्रस्तुत लेखकाच्या घरातच याचा अनुभव आला. आईला हृदयविकारामुळे रक्त गोठू न देणारी गोळी नियमित घ्यावी लागते. एका पावसाळ्यात तिच्या दंडावर व मांडीवर मोठे निळसर डाग दिसू लागले. ‘कोठे तरी आपटले असेल’ असे म्हणून आम्ही चार दिवस नेमाने मलम लावीत राहिलो. डाग कमी तर झाले नाहीतच, उलट पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा डॉक्टरांकडे धाव घेतली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “आजी, हे डाग पडले कशाने?” चौकशीअंती उलगडा झाला. गुडघेदुखीसाठी शेजारणीने दिलेली वेदनाशामक गोळी आई आठवडाभर घेत होती. ती गोळी आणि रक्त न गोठण्याची गोळी यांचा एकत्र परिणाम होऊन जागोजाग कातडीखाली रक्त उतरत होते. रक्ताची तपासणी झाली, वेदनाशामक गोळी बंद झाली आणि आई बरी झाली. मलमाने आईला अपाय केला नव्हता. त्या चार दिवसांत आम्हांला निश्चिंत ठेवले, हाच त्याचा दोष. डॉक्टरांनी विचारलेला तो प्रश्न ट्यूबचे झाकण उघडण्यापूर्वी आम्हीच विचारायला हवा होता.

रक्त ‘पातळ’ होते म्हणजे काय?

दुधात पाणी घातले की ते पातळ होते, त्या अर्थाने रक्त पातळ करणारे औषध अस्तित्वात नाही. या औषधांमुळे रक्ताचा दाटपणा कमी होत नाही. रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. म्हणून त्यांना ‘रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारी औषधे’ म्हणणे अधिक योग्य ठरेल.

रक्त गोठणे ही निसर्गाने दिलेली संरक्षक योजना आहे. रक्तवाहिनीला इजा झाली की रक्तातील प्लेटलेट नावाचे सूक्ष्म कण त्या जागी धावून जातात व परस्परांना चिकटून छिद्र बुजवू लागतात. त्यापाठोपाठ रक्तातील अनेक द्रव्ये ठरावीक क्रमाने कार्यान्वित होतात. या साखळीच्या शेवटी थ्रोम्बिन नावाचे द्रव्य तयार होते. ते रक्तातील विरघळलेल्या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे विणते. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी तयार होते. जखमेवर गुठळी झाली तर प्राण वाचतो. परंतु धडधाकट रक्तवाहिनीच्या आत ती झाली, तर तीच प्राणावर बेतू शकते.

या साखळीला आवर घालणारी द्रव्येही शरीरातच असतात. त्यांपैकी एकाचे नाव अँटिथ्रोम्बिन असे आहे. आपण ज्या मलमाचा विचार करीत आहोत त्यातील मुख्य घटक हेपॅरिन हा या अँटिथ्रोम्बिनला चिकटतो आणि त्याचे काम सुमारे हजारपट वेगवान करतो. त्यामुळे थ्रोम्बिन निष्प्रभ होते व नवीन गुठळी होणे थांबते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हेपॅरिन नवी गुठळी होऊ देत नाही, जुनी गुठळी वाढू देत नाही. मात्र झालेली गुठळी ते स्वतः विरघळवीत नाही. ते काम शरीर आपल्या गतीने करीत असते.

जळूपासून हेपॅरिनपर्यंत

साकळलेले रक्त काढून टाकण्यासाठी जळवा लावण्याची पद्धत आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत तिचे सविस्तर वर्णन आहे. जळू सुटल्यानंतरही जखम बराच वेळ वाहत राहते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे नवल वाटले असेल. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, हे जॉन हेक्राफ्ट या शास्त्रज्ञाने १८८४ साली दाखवून दिले.

हेपॅरिनचा शोध त्यानंतरचा आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ साली जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. रक्त गोठविणाऱ्या द्रव्याच्या शोधात असताना त्याला नेमके उलट गुणाचे द्रव्य सापडले. पुढे १९१८ मध्ये हॉवेल यांनी यकृतातून मिळालेल्या अशा द्रव्याला यकृतवाचक ग्रीक शब्दावरून ‘हेपॅरिन’ हे नाव दिले. कॅनडातील टोरांटो व स्वीडनमधील स्टॉकहोम येथील संशोधकांनी ते शुद्ध केल्यावर १९३०च्या दशकात रुग्णांसाठी त्याचा वापर सुरू झाला. आज हेपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढले जाते. धार्मिक किंवा आहारविषयक कारणांमुळे ज्यांना ही माहिती महत्त्वाची वाटते, त्यांनी पर्यायाविषयी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

रुग्णालयात हेपॅरिन इंजेक्शनाने दिले जाते. हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, पायाच्या खोल शिरेतील गुठळी अशा गंभीर प्रसंगी ते अनिवार्य ठरते. मलमातील हेपॅरिन तेच असले तरी त्याची मात्रा व पोहोच फार निराळी असते. हेपॅरिनचे कण आकाराने मोठे असल्यामुळे ते धडधाकट त्वचेतून फार थोडे आत शिरतात. म्हणून मलमाचा प्रभाव त्वचेखालच्या वरवरच्या थरापुरता राहतो. त्याचा निर्धोकपणा आणि त्याची मर्यादा या दोहोंचे मूळ येथेच आहे.

आपल्याकडील काही मलमांत हेपॅरिनबरोबर बेंझिल निकोटिनेट नावाचे दुसरे औषध असते. त्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ती जागा लालसर व उबदार होते. थोडी लाली व ऊब आली तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र पुरळ, तीव्र खाज वा फोड आले, तर मलम तत्काळ बंद करावे. एका ग्रॅममागे ५० युनिट हेपॅरिन असलेले मलम आणि २०० युनिट असलेले जेल, असे दोन प्रकार प्रचलित आहेत. म्हणून केवळ ट्यूबचा रंग वा व्यापारी नाव ओळखून भागत नाही; तिच्यावरील घटक वाचणे आवश्यक ठरते.

उपयोग कोठे होतो?

पहिला उपयोग सलाइननंतर दुखणाऱ्या शिरेसाठी. रुग्णालयात काही दिवस हाताला सुई राहिली की ती शीर कधी कधी लाल होते, दुखते आणि बोटाला दोरीसारखी टणक लागते. सुई अद्याप हातात असेल तर प्रथम परिचारिकेला सांगून ती जागा बदलून घ्यावी. सुई तशीच ठेवून वरून मलम चोळणे हा उपाय नव्हे. सुई काढल्यानंतर, तिचे छिद्र मिटले की, ते छिद्र वगळून शिरेच्या लांबीवर मलमाचा पातळ थर द्यावा. त्या जागी पू दिसला, ताप आला किंवा लाली हातावर वर वर चढू लागली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांनाच दाखवावे.

दुसरा उपयोग साध्या मुक्या मारासाठी. मार लागल्यानंतर पहिले एक-दोन दिवस आतील रक्तस्राव थांबविणे महत्त्वाचे असते. या काळात फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने दहा-पंधरा मिनिटे थंड शेक द्यावा, तो अवयव उंच ठेवावा व विश्रांती द्यावी. मार लागताक्षणी मलम लावू नये, गरम शेक देऊ नये आणि ती जागा चोळूही नये. सूज स्थिरावल्यावर हवे तर मलम लावावे. साधा डाग निळ्याजांभळ्याचा हिरवट, हिरवटाचा पिवळट होत सुमारे दोन आठवड्यांत आपोआप नाहीसा होतो. साकळलेल्या रक्तातील लाल द्रव्याचे शरीर क्रमाक्रमाने विघटन करीत असते. हे रंग त्याचेच दर्शक होत. मलमाने या कामाला थोडा हातभार लागतो, इतकीच अपेक्षा ठेवावी.

तिसरा उपयोग त्वचेलगतच्या शिरेच्या दाहासाठी. शिक्षक, वाहतूक पोलीस, दुकानांतील विक्रेते यांना तासन्‌तास उभे राहावे लागते. त्यांच्यापैकी अनेकांच्या पायांच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. अशा शिरेत गुठळी होऊन ती लाल व वेदनादायक झाली, तर डॉक्टर इतर उपचारांसोबत हे मलम सुचवितात. मात्र येथे तपासणीशिवाय मलम सुरू करू नये. वरवर दिसणारी गुठळी खोल शिरेपर्यंत पसरलेली नाही ना, हे पुष्कळदा सोनोग्राफीनेच कळते.

लावण्याची रीत

हात धुऊन, त्वचा स्वच्छ व कोरडी करून, पातळ थर हलक्या बोटांनी पसरावा. सामान्यतः दिवसातून दोन ते तीन वेळा, किंवा डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. जोराने मालीश करू नये. वरून घट्ट पट्टी बांधू नये आणि गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. लावून झाल्यावर पुन्हा हात धुवावेत, म्हणजे औषध डोळ्यांत जाणार नाही.

उघडी जखम, खरचटलेली वा भाजलेली त्वचा, वाहणारा व्रण, डोळे, ओठ, तोंडाचा व नाकाचा आतील भाग, तसेच मूळव्याध या ठिकाणी हे मलम लावू नये. जेथून रक्त वाहत आहे, तेथे रक्त गोठू न देणारे औषध लावणे सर्वथा चुकीचे आहे. ज्यांना हेपॅरिनची अ‍ॅलर्जी आहे किंवा हेपॅरिनच्या इंजेक्शनानंतर ज्यांच्या प्लेटलेट घटल्या होत्या, त्यांनी हे मलम टाळावे. वॉरफॅरिन, अ‍ॅसेनोकोमारॉल, अ‍ॅपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन यांपैकी एखादे औषध चालू असणाऱ्यांनी, गर्भवती व स्तनदा मातांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चार-पाच दिवसांत फरक पडला नाही, तर दुसरी ट्यूब आणण्याऐवजी दवाखाना गाठावा.

मलमाने झाकू नयेत असे डाग

कातडीखाली रक्त उतरण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी मुका मार हे सर्वांत साधे कारण. पुढील पाच प्रसंगी मात्र मलमाला हात न लावता रुग्णाला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी.

पहिला प्रसंग तापातील डागांचा. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत आपल्या नागरी वस्त्यांत डेंग्यूचे रुग्ण आढळतात. इमारतींच्या टाक्या, बांधकामांवरील साठलेले पाणी, गच्चीवरील टायर व कुंड्या यांत एडिस डासाची पैदास होते. डेंग्यूमध्ये प्लेटलेट घटतात, व अंगावर बारीक लाल ठिपके किंवा निळे डाग उठू शकतात. ताप उतरल्यावर घरची माणसे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात धोक्याचा काळ बहुधा तेव्हाच, म्हणजे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास, सुरू होतो. अशा वेळी अंगावर डाग, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या किंवा विलक्षण ग्लानी यांपैकी काहीही दिसले, तर रुग्णालयात न्यावे. डेंग्यूचा संशय असताना अ‍ॅस्पिरिन वा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या देऊ नयेत. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत द्यावे.

दुसरा प्रसंग सर्पदंशाचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड व शहापूर हे सात तालुके राहिले. त्यांपैकी मुरबाड व शहापूर या तालुक्यांत भातशेती आणि जंगल यांचा मोठा विस्तार आहे. लावणीच्या व कापणीच्या दिवसांत तेथे सर्पदंशाचे भय असते. घोणस आणि फुरसे या सापांचे विष रक्ताची गोठण्याची शक्तीच नष्ट करते. दंशाभोवती सूज येते, काळेनिळे पडते, आणि हे चित्र मुक्या मारासारखे भासू शकते. विशेषतः अंधारात काय चावले हे न दिसल्यास ‘काटा लागला असेल, दगड लागला असेल’ असा समज होतो. अशा सुजेवर कोणतेही मलम वा लेप लावू नये, आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. रुग्णाला धीर द्यावा, तो अवयव हालू देऊ नये आणि तातडीने प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

तेथे डॉक्टर एक साधी चाचणी करतात. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे न हालविता ठेवतात व मग तिरकी करून पाहतात. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडविली आहे असे समजून प्रतिसर्पविष दिले जाते. रक्त ‘पातळ होणे’ म्हणजे काय आणि ते किती घातक असू शकते, याची कल्पना त्या काचेच्या नळीवरून येते.

तिसरा प्रसंग एका पायाच्या सुजेचा. दीर्घ आजार, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा लांबचा प्रवास यांनंतर एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, पाय गरम व तांबूस झाला, तर खोल शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी. मलमातील हेपॅरिन त्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे असा पाय कधीही चोळू नये. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर अचानक दम लागतो, छातीत कळ येते आणि मृत्यूही ओढवू शकतो. ‘पोटरीत गोळा आला आहे, जरा चोळून दे’ असे सांगितले गेले, तर पाय चोळण्यापूर्वी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकच पोटरी सुजलेली असेल, तर हात आवरावा.

चौथा प्रसंग डोक्याच्या माराचा. डोक्याला टेंगूळ आले आणि त्यानंतर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा झटका दिसला, तर क्षणाचाही विलंब करू नये. रक्त न गोठण्याची गोळी घेणारी वृद्ध व्यक्ती पडून डोक्याला मार लागला असेल, तर ती वरकरणी ठीक दिसत असली तरीही तिला तपासून घ्यावे.

पाचवा प्रसंग अकारण उठणाऱ्या डागांचा. काही न लागता वारंवार डाग उठणे, दात पडल्यावर रक्त न थांबणे, किरकोळ माराने सांधा सुजणे ही लक्षणे मुलांमध्ये हिमोफिलियासारख्या जन्मजात दोषाची किंवा रक्ताच्या अन्य आजारांची असू शकतात. मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे; अशा आजारांचे नेमके निदान आज शक्य आहे. प्रौढांत असे डाग उठले, तर यकृताचा विकार किंवा चालू असलेल्या औषधांचा परिणाम यांचा विचार करावा लागतो.

शिक्षक, पंच आणि अधिकारी यांचे कार्य

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत हे मलम असले, तरी ते मुलाला लावण्यापूर्वी शिक्षकांनी ‘काय लागले, केव्हा लागले?’ हे विचारावे. एखाद्या मुलाच्या अंगावर पुनःपुन्हा डाग दिसत असतील, तर पालकांना बोलावून तपासणीचा आग्रह धरावा. पाठीवर, दंडाच्या आतील बाजूस किंवा कानामागे असे डाग असतील व मूल उत्तर देताना बिचकत असेल, तर त्याला कोणी मारहाण करीत आहे काय, याचाही विचार शिक्षकांना करावा लागेल. अशा मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी आशा स्वयंसेविकांच्या साहाय्याने तीन गोष्टी निश्चित कराव्यात : आपल्या गावाला सर्वांत जवळचे प्रतिसर्पविष कोणत्या आरोग्य केंद्रात वा ग्रामीण रुग्णालयात उपलब्ध आहे, रात्री तेथे कोणत्या वाहनाने जाता येईल, आणि गावात रक्त न गोठण्याची गोळी घेणाऱ्या व्यक्ती कोण आहेत. पहिल्या दोन गोष्टी पंचायतीच्या फलकावर लिहून ठेवाव्यात. तिसरी गोष्ट मात्र खासगी बाब आहे. ती आशा स्वयंसेविकेच्या नोंदीतच राहावी. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. शहरी भागात ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये आहेत.

कार्यालयांतून व गृहनिर्माण संस्थांतून औषधांची देवाणघेवाण सद्भावनेने होते. एकाची उरलेली गोळी दुसऱ्याच्या उपयोगी पडते, असा हिशेब असतो. त्याला विनयाने नकार देण्याची सवय लावावी. औषध परवानाधारक दुकानातूनच घ्यावे, पावती मागावी, मुदतीची तारीख पाहावी. ट्यूब उन्हाच्या खिडकीत किंवा स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवू नये. कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास डॉक्टरांना सांगावे. तसेच भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर त्याची नोंद नागरिकांनाही करता येते. अशा नोंदींतूनच औषधांचे गुणदोष पुढे देशाला कळतात.

आमच्या घरी मलमाची ती ट्यूब आजही आहे. लोकलच्या गर्दीत कोपर आपटले की ती उपयोगीही पडते. मात्र औषधांच्या डब्याच्या झाकणावर आता एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर आईच्या सर्व गोळ्यांची नावे, त्यांच्या वेळा आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक लिहिला आहे. सर्वांत वर, ठळक अक्षरांत, एवढेच लिहिले आहे : ‘डाग कशाने पडला?’ उत्तर ठाऊक असेल तर मलम लावावे. ठाऊक नसेल तर चपला घालून दवाखान्याची वाट धरावी.